टाकसाळीत की बाजारात

कृष्णमूर्तींनी विचारलं ते नाण्याबद्दल नव्हे, हे मुकुंदरावांच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. रविवारची सकाळ होती. बेंगळूरच्या बसवनगुडीत कृष्णमूर्तींच्या खोलीत नेहमीसारखा खिडकीपाशी पाट मांडलेला होता, पाटावर काळं कापड, कापडावर पाचसहा नवे पैसे, आणि म्हाताऱ्याच्या हातात शिंगाच्या मुठीचं भिंग. मुकुंदराव आठवडाभरात जमवलेल्यांतला एक पैसा चिमटीत धरून उजेडाकडे फिरवत होते. सिंहांच्या मानेवरून एक केसाएवढी रेघ गेली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला होता. "हुट्टिदागिनिंदा? इल्ला आमेले?" कृष्णमूर्ती म्हणाले. जन्मापासून, की नंतर? हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दुसरा कुठलाही प्रश्न ते आधी विचारत नसत. "जन्मापासूनच, सर," मुकुंदराव उत्साहाने म्हणाले, "रेघ वर उठलीय. नखाला लागते." पैसा पुढे करत त्यांनी मान वर केली. भिंग पाटावर उपडं ठेवलेलं होतं. म्हातारा दाराशी उभ्या असलेल्या मुकुंदरावांच्या लेकीकडे, शालनकडे बघत होता. त्याने तिला एक पेपरमिंट दिलं होतं आणि आता दुसरं पुढे केलं होतं. आणि ती चार वर्षांची पोर डावा हात पुढे करायचा सोडून उजव्या हातातलं पेपरमिंट घाईघाईने तोंडात कोंबत होती, तोच हात मोकळा करून दुसरं घ्यायचं म्हणून.

तेव्हा मुकुंदरावांच्या तोंडून "हुट्टिदागिनिंदाने" एवढंच निघालं. जन्मापासूनच. हे उत्तर त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की ते बाहेर पडताना जिभेला काही करावंच लागत नसे. शेजाऱ्यांना, ऑफिसातल्यांना, नात्यातल्या बायकांना त्यांनी ते शेकडो वेळा दिलं होतं आणि ऐकणारा दर वेळी "अय्यो पाप", बिचारी, म्हणून गप्प बसला होता. कृष्णमूर्ती मात्र गप्प बसले नाहीत. "बोटं चांगली आहेत," ते कानडीत म्हणाले, "मूठ घट्ट आहे. खांदा वर जातो. अडतं ते फक्त कोपरात." आणि मग जसं एखाद्या नाण्याबद्दल विचारावं तसंच, आवाजात काही फरक न करता, त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: जन्मताना कोणी पाहिलं? "सगळ्यांनी," मुकुंदराव म्हणाले. "सरी," ठीक आहे अशा अर्थाने म्हातारा म्हणाला, आणि भिंग उचलून पुन्हा पैशाकडे वळला. त्या दिवशी त्याने त्या उठलेल्या रेघेचं कौतुकही केलं. पण मुकुंदरावांना ते ऐकूच आलं नाही.

हा प्रश्न म्हणजेच सगळी विद्या, असं कृष्णमूर्ती पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मुकुंदराव वीजबिलाच्या खिडकीवर बसणारे. गेल्या वर्षी एप्रिलात नवे पैसे आले आणि त्या खिडकीवर दोन महिने नुसता शिमगा होता. आण्याचे पैसे किती आणि पैशाचे आणे किती यावरून लोक गजांतून हात घालून भांडत होते. त्या गदारोळात एक दिवस एक नवा कोरा पैसा असा आला की त्यातला सिंह मधोमध नव्हताच. तो एका काठाकडे सरकला होता आणि दुसऱ्या काठाशी चंद्रकोरीएवढी नुसती कोरी जागा राहिली होती. दुसऱ्या कोणी तो खोटा म्हणून परत केला असता. मुकुंदरावांनी आपल्या खिशातला एक पैसा गल्ल्यात टाकून तो घरी आणला, आणि तिथून हे वेड लागलं. शेजारच्या टेबलावरच्या फत्तेसिंगाने त्यांना कृष्णमूर्तींचा पत्ता दिला. पहिले काही महिने तर नुसती फजिती. मोठ्या ऐटीत एक पैसा नेला, त्याच्या मागच्या बाजूवर सिंह उलटा आणि खोल उमटलेला. मुकुंदरावांना वाटलं, घबाड सापडलं. म्हातारा खो खो हसला. कोणीतरी रिकामटेकड्याने दोन पैसे एकमेकांवर ठेवून शिकंज्यात दाबलेत, म्हणाला, मागचा आकडा बघा कसा चेपलाय. टाकसाळीत झालं असतं तर काही चेपलं नसतं. साच्याला तडा गेला तर तडा धातूने भरतो आणि नाण्यावर रेघ उठून येते. बाजारात कोणी ओरखडलं तर रेघ खोल जाते आणि तिच्या कडेला धातू ढकलला जातो. टाकसाळीत चुकलेलं नाणं चुकीसकट पूर्ण असतं. बाजारात बिघडलेल्याला मार लागलेला असतो. मुकुंदरावांना हे पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर डोळ्यांना ती सवयच जडली. साहेबांचा एक कल्ला दुसऱ्याहून लांब आहे हे दिसायला लागलं. देवघरातल्या समईची एक वात नेहमी तिरकी जळते हे दिसायला लागलं. बायकोच्या, इंदिराच्या, कपाळावरचं कुंकू मधोमध नसतं हेही एकदा ते बोलून गेले आणि त्या दिवशी जेवण होईपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. आणि एवढं सगळं दिसत असताना रोज मांडीवर बसणारी पोर तेवढी त्यांनी नीट पाहिली नव्हती.

बसवनगुडीहून चामराजपेटला परत येताना ते तिच्या उजव्या बाजूने चालत होते. तिचा उजवा हात त्यांच्या हातात होता, घामट आणि पेपरमिंटने चिकट झालेला. अर्ध्या वाटेत त्यांना कळलं की आपण नेहमी हिच्या उजवीकडूनच चालतो. गर्दीत, पावसात, कुठेही. कधी ठरवलं होतं हे? आपोआप पाय तिकडे जात होते, म्हणजे डोळ्यांनी न पाहिलेलं पायांना माहीत होतं. "बाबा, जोरात धरू नको," शालन म्हणाली. त्यांनी हात सैल केला. सगळ्यांनी पाहिलं, असं आपण म्हणालो. सगळे म्हणजे कोण? पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. इंदिरा सातव्या महिन्यात निपाणीला गेली तेव्हा त्यांची बदली दावणगेरेला होती आणि रजा म्हणजे साहेबाच्या पायावर लोळण घेणं होतं. बाराव्या दिवशी बारशाला ते जाऊन आले. काय पाहिलं? कुंची घातलेलं एक लालबुंद तोंड. बाकी सगळं दुपट्यात करकचून बांधलेलं. गाठोडंच ते. बायका म्हणाल्या, बापासारखं नाक आहे, आणि त्यांनी नाक पाहिलं. हात कोण बघतं? म्हणजे जन्मताना पाहणाऱ्या सगळ्यांमध्ये इंदिरा होती, तिची आई भागुबाई होती, वडील आप्पाजी होते, गल्लीतल्या चार बायका होत्या. एक तेवढा बाप नव्हता.

आणि मग त्यांची बदली बेंगळूरला झाली, शालनला आठवा महिना लागला आणि मायलेकी इकडे आल्या, तेव्हा पोचवायला आप्पाजी स्वतः आले होते. याचंही तेव्हा नवल वाटायला हवं होतं. सासरा उंबऱ्याबाहेर पडायला कंटाळणारा माणूस, तंबाखूच्या वखारीतून देवळात आणि देवळातून घरात, आणि तो एवढा आगगाडीचा प्रवास करून येतो. स्टेशनावर मुकुंदरावांनी पोरीला घ्यायला हात पुढे केले होते, ती अजून त्यांच्या हातात आलीही नव्हती, आणि आप्पाजी म्हणाले होते, "डावा हात जरा तसा हाय बघा जावईबापू. जन्मताच हाय. आता वाढाय लागली तसं दिसाय लागलं. देवाची करणी." मुकुंदरावांना आता त्या फलाटावरचा कोळशाचा वास आला. त्यांनी काही विचारलं नव्हतं. विचारायच्या आधीच उत्तर आलं होतं. त्या वेळी त्यांना सासऱ्याची दया आली होती, एवढा मोठा माणूस नातीसाठी किती ओशाळलाय म्हणून; आणि त्यांनीच उलट त्याची समजूत घातली होती.

घरी पोचले तेव्हा मागच्या अंगणात चूल पेटलेली होती आणि तेल कोमट होत होतं. आप्पाजी वारल्यावर भागुबाई इकडेच आली होती. मुलगा नाही, दीर विचारत नाहीत, जाणार कुठे? जावयाच्या घरी राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती दोन घास कमी खाई आणि चार कामं जास्त करी. मुकुंदराव समोर आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारामागे सरके. "जावईबापू, च्या ठिवू काय?" तिने दारामागूनच विचारलं. "नको मामी," ते म्हणाले आणि कपडे बदलायला निघाले. पण गेले नाहीत. मधल्या खोलीत अंधारात उभे राहून ते अंगणात बघायला लागले. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. भागुबाईने पाय लांब पसरले होते आणि पायांवर शालनला पालथी घातली होती. निपाणीच्या त्यांच्या गल्लीत निम्मी पोरं भागुबाईच्या पायांवर न्हालेली, हे इंदिरा नेहमी अभिमानाने सांगे. हात म्हणजे काय, लाकडाला चोळलं तर तेही मऊ पडेल असे. ती पाठ चोळत होती, मांड्या चोळत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती आणि पोर खिदळत होती. मग तिने शालनला उताणं केलं. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत एका दमात चोळला. डावा हात घेतला, खांद्यापासून निघाली, आणि कोपरापाशी तिचा तळवा वर उचलला गेला. कोपर ओलांडून पुन्हा खाली टेकला. मुकुंदराव बघत होते. दुसऱ्यांदा तेल घेतलं, पुन्हा खांद्यापासून, पुन्हा कोपरापाशी तळवा उचलला. तिचं लक्षही नव्हतं. ती पोरीला कावळ्याची गोष्ट सांगत होती. तो हातच आपण होऊन भीत होता. जन्मतःच वाकड्या असलेल्या कोपराला कोणी असं भिणार नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. खिडकीवर बसून ते पावत्यांवर शिक्के मारत होते आणि मनात एकच गोष्ट उलटीसुलटी करत होते. आपल्याला काय माहीत आहे? म्हातारीचा तळवा उचलला गेला, एवढंच. यावरून माणसाला फाशी देता येत नाही. उठलेली रेघ, खोल रेघ हे सगळं धातूला ठीक; हाड वाढतं, मांस त्याच्यावर चढतं, तिथे कसली रेघ नि कसलं काय! आपण चार पैसे भिंगाखाली धरले म्हणजे डॉक्टर झालो का? असं स्वतःला दटावलं की थोडं बरं वाटे. मग खिडकीत कोणीतरी लहान मूल कडेवर घेऊन येई, ते मूल दोन्ही हातांनी गज धरी, आणि त्यांचा शिक्का पावतीवर तिरका पडे. आणि अशाच एका दुपारी, साहेब समोर उभा राहून काहीतरी विचारत असताना, त्यांना चष्मा आठवला. मध्ये एकदा ते निपाणीला गेले होते! तीन महिन्यांची असेल शालन. उन्हाळा होता म्हणून दुपटं नव्हतं, नुसती झबल्यावर होती. इंदिराने तिला त्यांच्यासमोर उभी धरली होती आणि त्या एवढ्याशा जिवाने हात लांब करून त्यांचा चष्मा ओढला होता. सगळे हसले होते. चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी वाकली, ती त्यांनी दोऱ्याने बांधून पुढे वर्षभर वापरली. हात लांब करून. कुठला हात? साहेब म्हणाला, "काय हो, बरं वाटत नाही का?" मुकुंदराव म्हणाले, "नाही."

कुठला हात? यावर त्यांनी आठवण इतकी घासली की तिच्यावरचं चित्र पुसट व्हायला लागलं. एकदा डावा दिसे, एकदा उजवा. जो हवा तो दिसे. खरं तर उजवा हवा होता. उजवा दिसला असता तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. घरी येऊन त्यांनी कपाटातला खालचा खण उपसला. जुनी चौकट मिळाली. दोरा अजून तसाच होता, काळा पडलेला. डोळ्यांवर चढवली, दोरा त्यांच्या उजव्या कानाकडे आला. मग त्यांनी शालनला हाक मारली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "ओढ बघू बाबाचा चष्मा." पोरीला खेळच मिळाला. तिने उजवा हात फेकला आणि त्यांच्या डाव्या बाजूची काडी धरून ओढली. "आता दुसऱ्या हाताने." ती हसायची थांबली. डावा हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. "तो नाही येत," ती म्हणाली, जशी काय ही गोष्ट बापाला माहीतच नसावी. मुकुंदरावांनी तिला पोटाशी धरलं. त्यांना आपली लाज वाटली आणि राग आला. उजव्या कानाकडची काडी वाकवायची तर समोरच्या लेकराने डावा हातच लांब करायला हवा. तीन महिन्यांची असताना तो हात लांब होत होता. सरळ होत होता. चार वर्षं या घरातल्या बायका त्यांच्या तोंडावर खोटं बोलल्या होत्या आणि त्यांनी ते खोटं गावभर वाटलं होतं.

राग कोणावर काढायचा, हाच प्रश्न होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. भागुबाईला विचारलं तर ती एक शब्द न बोलता बोचकं बांधेल आणि स्टेशनावर जाऊन बसेल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. शालन तिच्याशिवाय झोपत नाही. इंदिराला विचारलं तर तिला आई आणि नवरा यांच्यामध्ये उभं केल्यासारखं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षं झाकली, आणखी चाळीस झाकू. असं जवळजवळ ठरलंच होतं. पण पुढच्या रविवारी कृष्णमूर्तींनी पाट मांडलाच नाही. त्यांनी मुकुंदरावांना समोर बसवलं आणि म्हणाले की माझा पुतण्या सरकारी दवाखान्यात हाडांचा डॉक्टर आहे, मी त्याच्याशी बोललोय, रागावू नका. तो म्हणतो, जन्मतःच असेल तर शिरेचा दोष, मग फारसं काही करता येत नाही. नंतर मोडून वाकडं सांधलं गेलं असेल तर हाड कापून सरळ बसवता येतं. पण ते आत्ता, पोर लहान आहे तोवर. "स्वल्प बेगा," म्हातारा म्हणाला, जरा लवकर. मुकुंदराव उठून बाहेर आले आणि रस्त्यातच उभे राहिले. म्हणजे आता मूठ झाकलेली ठेवायची ती या पोरीच्या हाताच्या मोबदल्यात.

"शालनला दवाखान्यात न्यायचंय," त्यांनी इंदिराला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले आणि परातीतली भाकरी तशीच राहिली. "जन्मतःच्या हाताला डॉक्टर काय करणार? सुम्मने, उगाच पोरीला त्रास," ती म्हणाली. "बघतील." "आणि नाहीच काही झालं तर?" "नाही झालं तर नाही." पलीकडच्या खोलीत भागुबाई तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज बंद पडला. इंदिराने एकदा त्या दाराकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. "असं बघू नका माझ्याकडं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही माणसांकडं पण त्या पैशांसारखं बघताय हल्ली." मुकुंदरावांच्या ओठांवर प्रश्न आला होता. अगदी आला होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिने ती उलटली, आणि तो क्षण गेला. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आणि दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलं आहे. पलीकडे सूप पुन्हा वाजायला लागलं.

दवाखान्यात भागुबाई यायची नव्हती, पण निघताना ती ठेवणीतलं लुगडं नेसून दाराशी उभी होती. तिला कोणी काही म्हणालं नाही. बसमध्ये शालन तिच्या मांडीवर बसली आणि सगळा वेळ बडबडत होती. फोटो काढायचा म्हणजे बसवेश्वराच्या जत्रेतल्यासारखा का, मग मला फुलांचा झगा का नाही घातला. दवाखान्यात फिनाईलचा वास होता आणि बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. एक्स-रे झाला. मग आत बोलावलं. आईबापांनी यायचं, असं नर्स म्हणाली, तेव्हा भागुबाई उठता उठता परत बसली. डॉक्टर तरुण होता, काकासारखाच सावकाश बोलणारा. त्याने काळा फोटो खिडकीच्या काचेला धरला. एवढंसं हाड आणि त्याचा एक कोपरा भलतीकडे वळलेला. मुकुंदरावांना त्यातलं काही कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उजेडात धरलेलं असून त्यांना बघवत नव्हतं. "हे जुनं आहे," डॉक्टर म्हणाला, "मला जे वाटतंय ते वाटतंय. पण सुरी लावायच्या आधी मला घरच्यांच्या तोंडून ऐकलं पाहिजे. जन्मापासून, की नंतर?"

खोलीत पंखा फिरत होता. मुकुंदरावांनी ठरवलं होतं की आपण बोलायचं, नंतर, एवढंच बोलायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण पुढचे प्रश्न त्यांना आधीच दिसत होते. नंतर म्हटलं की कसं हा प्रश्न येणार, आणि कसं म्हटलं की कोणाच्या हातून. दाराबाहेर बाकावर ती म्हातारी बसली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी इंदिराकडे पाहिलं. तिने शालनला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं आणि ती डॉक्टरच्या हातातल्या टाकाकडे बघत होती. "नंतर," इंदिरा म्हणाली. "सात महिन्यांची होती. माझ्याच हातून झालं. न्हाऊ घालताना दोन्ही हात उलटसुलट छातीवर घेतात ना, तसं घेताना जास्त ओढला गेला. कट्‌ असं वाजलं. रात्रभर रडली. मग सुजलं. वडील म्हणाले, सासरी काय सांगायचं, जन्मतःच आहे म्हणू. म्हणून तसं सांगितलं." ती एका दमात बोलली, मध्ये कुठे थांबली नाही. आणि मुकुंदरावांना तत्काळ कळलं की हे सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून. त्या घरात पहिलटकरणीला बाळाच्या अंगाला पाणी लावू देत नाहीत. निपाणीला असेपर्यंत मला हिच्या न्हाणीत पाऊल टाकू दिलं नाही आईनं, असं इंदिराने स्वतःच त्यांना कितीतरी वेळा हसत सांगितलं होतं. डॉक्टरला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तो लिहायला लागला. मध्येच थांबून त्याने मुकुंदरावांकडे पाहिलं. "असंच झालं?" "असंच झालं," मुकुंदराव म्हणाले. "मी तिथंच होतो." इंदिराने झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते तेव्हा दावणगेरेला होते. तिचे डोळे भरून आले आणि तिने तोंड शालनच्या केसांत लपवलं. त्यांच्या मनातला इतक्या दिवसांचा राग कुठे गेला ते त्यांना कळलंच नाही. या बाईवर आपला फार जीव आहे असं त्यांना वाटलं.

डॉक्टर म्हणाला, करू. हाड कापून सरळ बसवू, मग प्लास्टर, मग व्यायाम. अगदी दुसऱ्या हातासारखा होईल असं वचन देत नाही, पण डोक्यापर्यंत जाईल. मोठी झाली की स्वतःची वेणी स्वतः घालेल. नर्सने इंदिराला आणि शालनला आणखी काहीतरी तपासायला पलीकडे नेलं आणि मुकुंदराव एकटेच बाहेर आले. भागुबाई बाकाच्या अगदी टोकाला बसली होती, पाय जवळ घेऊन, जशी काय तिथेही कोणाची जागा अडवायची नाही. त्यांना बघून ती उठली आणि पदर पुढे ओढला.

"काय म्हणलं डागदर?"

"बरा होईल म्हणाले, मामी. वेणी घालता येईल म्हणाले."

ती भिंतीला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "मला आत बोलिवलं न्हाई?"

"नाही."

"कसं झालं म्हणून इचारलं न्हाई?"

"नाही मामी," मुकुंदराव म्हणाले. "काही विचारलं नाही."

तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. इतक्या वर्षांत त्यांनी सासूचा चेहरा असा उघडा, सरळ समोर, कधी पाहिला नव्हता. "आज इचारतील म्हणून आले हुते म्या," ती म्हणाली. "लुगडं नेसताना सगळं मनात बांधून ठिवलं हुतं, कसं सांगायचं ते. कारभारी म्हणले, गप ऱ्हा. इंदी म्हणली, आई, गप ऱ्हा. गप ऱ्हायले. पर कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं वो. एवढ्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाई मला."

बाकावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती. मुकुंदरावांनी तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि तिच्या शेजारी बसले, तिला खेटून. तिचे तेलाने काळवंडलेले दोन्ही हात मांडीवर पडले होते. त्यांतला एक त्यांनी आपल्या हातात घेतला.

"मामी," ते म्हणाले, "कसं झालं?"